दुखणं लंकाआत्याचं, सांगणारे दुसरे

पाथर्डी मागं पडली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं आणि डांबर तापायला लागलं होतं. आम्ही सगळ्या अनवाणी. पाचवी माळ होती. गावातून पहाटे निघालेल्या अकरा बायका आता रस्त्यावर दोन-दोन, तीन-तीन अशा विखुरल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं पदर कमरेला खोचून लंकाआत्या चालली होती. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची बाई, पण तिच्या चालीला तिशीतली रुपालीसुद्धा पुरत नव्हती. रुपाली मागून म्हणाली, आत्या, जरा दमानं, देवी काही मोहटं सोडून चालली न्हाई.

"देवी थांबती," लंकाआत्या मागं न बघता म्हणाली. "ऊन थांबत न्हाई."

लंकाआत्या माझ्या माहेरची. माझ्या वडिलांच्या पिढीतली गावची लेक, म्हणून ती माझी आत्या. रक्ताचं नातं काही नाही. पण मला दिलं ते तिच्याच सासरच्या गावात, त्यामुळं गेली एकोणीस वर्षं एवढं एक माहेरचं माणूस मला हाकेवर आहे. मी गावात अंगणवाडी चालवते. ती मला चारचौघांत मास्तरीण म्हणते आणि एकटी असले की शीला.

नवरात्रात एका माळेला मोहट्याच्या देवीला चालत जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. अठरा किलोमीटर होतात. वर्षात हा एक दिवस असा, की कुणाला चहा द्यायचा नसतो, कुणाचा डबा करायचा नसतो. पाय सुजतात, टाचा फुटतात, तरी बायका वाट बघतात या दिवसाची.

लंकाआत्या दरवर्षी येते. पण मागची दोन वर्षं ती डोंगराच्या पायथ्याशीच थांबते. माझं गुडघं ऐकत न्हाईत, तुमी जा वर, म्हणते, आणि आपला नारळ, ओटीचं सामान आमच्या हातात देते. दोन्ही वर्षं मला ते पटलं होतं. या वर्षी मात्र मी पहाटेपासून तिच्या टाचा बघत चालले होते. पाथर्डीत आम्ही चहाला टेकलो तेव्हाही ती उभीच होती. गुडघे गेलेली माणसं अशी चालत नाहीत. माझ्या सासूबाईंचे गेलेले आहेत, मला माहीत आहे.

मी भराभर चालून तिला गाठलं आणि विचारलं, आत्या, यंदा वर येणार ना? ती म्हणाली, बघू, गुडघं काय म्हनत्यात. मी म्हटलं, तुझे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. तू मला फसवायला लागलीस का आता?

तिनं पाय आणखी उचलला. पाव किलोमीटर आम्ही तशाच गेलो. बाजूच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायकांनी हात वर करून देवीला आमचा नमस्कार सांगा म्हटलं, तर तिनं नुसती मान हलवली.

लंकाआत्या आपलं दुखणं सांगत नाही हे गावाला माहीत आहे. खरं तर तिच्यावर ती वेळच कधी आली नाही. तिचं दुखणं सांगायला सूर्यभानमामा आहेत. मामा म्हणजे तिचे मालक, बोलका माणूस. दोघांनी मिळून बावीस हंगाम कोपरगावच्या बाजूला ऊस तोडला. तोडीला कोयता म्हणतात तो दोघांचा मिळून एक, नवरा-बायकोचा. एक आजारी पडलं की दोघांचा खाडा. म्हणून मामांना तिचं दुखणं आपलंच वाटायचं. दवाखान्यात ते पुढं, ती मागं. ते स्टुलावर बसायचे आणि ती भिंतीला टेकून उभी राहायची. कधीपासून, किती, भाकरी जाते की नाही, कळ कशी येते, सगळं मामा सांगायचे, आणि असं रंगवून सांगायचे की एकदा तालुक्यातल्या डॉक्टरांनी मामांनाच टेबलावर झोपायला सांगितलं होतं. मामा झोपलेही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिल्यावर मग मामा म्हणाले, माझं न्हाई सायेब, आमच्या मंडळीचं. हा किस्सा मामा स्वतःच हसत सांगतात. लंकाआत्याही हसते. पण त्या दिवशी डॉक्टरांनी तिचं पोट मात्र पाहिलंच नाही. एकदा बघून झालं होतं ना. गोळ्या लिहून दिल्या.

मामा वाईट माणूस नाहीत. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण पुढचं वाचून कुणाचाही तसा समज होईल. त्यांनी बायकोला कधी दवाखान्याला नाही म्हटलं नाही. सायकलवर नेलं, बैलगाडीत नेलं, एकदा पाठीवरसुद्धा नेलं. फक्त त्यांना जे माहीत असायचं तेच ते सांगायचे, आणि त्यांना माहीत असायचं ते तिनं सांगितलेलं. ती काय सांगणार? काहीही झालं तरी ती म्हणायची पोट दुखतंय. कंबर धरली तरी पोट. पाळीत अंगावरून फार जायला लागलं तरी पोट. तोडीवर असताना एकदा पोटातलं दोन महिन्यांचं उसाच्या फडात पडून गेलं, तेही मामांनी डॉक्टरला पोट म्हणूनच सांगितलं. तो डॉक्टर रस्त्याकडेच्या गाळ्यात बसायचा, कोप्यांवरच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतल्या, बायका त्याच्याकडेच जायच्या. त्यानं सलाईन लावलं. लंकाआत्या म्हणते, गोड बोलायचा बिचारा, पर इचारायचा न्हाई. चौथ्या दिवशी तिनं मोळ्या बांधल्या.

आता ती तोडीला जात नाही. थोरला अंगद आणि सून जातात, आणि नातवंडं सांभाळायला, कोपीवर भाकरी टाकायला ही बरोबर जाते. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी गाडी निघते ती एकदम उन्हाळ्यातच परत येते.

पायथ्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गर्दी होती. प्रसादाची, बांगड्यांची दुकानं, भोंग्यावर आरती. आम्ही एका लिंबाखाली थांबलो, मागच्या बायका येईपर्यंत. लंकाआत्यानं पिशवीतून नारळ, खण, हळदीकुंकवाची पुडी काढली आणि माझ्यापुढं धरली. दरवर्षीसारखंच. मी हात पुढं केला नाही.

तेव्हा ती जमिनीकडं बघत म्हणाली, "मला वर येता येत न्हाई शीला. मी बाहेरचीच हाय. दोन वर्सं झाली."

मला आधी कळलंच नाही. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा तिनंच सुटले बाई म्हणून मला सांगितलेलं. मग कळलं.

दोन वर्षांपासून तिला अंगावरून जात होतं. आधी नुसते डाग, मग मध्येच चार दिवस, मग पंधरा दिवस, आता गेल्या श्रावणापासून धरबंद नव्हता. कपडा जुन्या लुगड्याचा, धुणं सगळ्यांच्या आधी उठून. घरात कुणाला पत्ता नाही. देवघराचं तिनं सुनेवर सोपवलं, आता तूच शिक म्हणून. सणावाराला पुरण घालते ती, पण नैवेद्याच्या ताटाला हात लावत नाही. नेमकं तेव्हाच तिला दुसरं काम निघतं. घटाला पाणी घालायला नातीला शिकवलं. सगळं इतकं सुतासारखं लावून दिलं होतं की घर म्हणत होतं, म्हातारीनं बघा कसं वेळेवर सगळं सोपवलं.

मी अंगणवाडीत महिन्यातून एकदा बायकांना आरोग्याचं सांगते. पाळी गेल्यावर अंगावरून जात असेल तर एक दिवस थांबू नका, हे मी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं, गेल्या उन्हाळ्यात. लंकाआत्या त्या दिवशी पहिल्याच रांगेत बसली होती. मांडीवर नात. माझ्याकडं बघून मान डोलवत होती. मी आपली खूश, की आत्या ऐकते आहे.

मी विचारलं, अगं मग दवाखान्यात का नाही गेलीस? ती म्हणाली, गेल्ते की. म्हणजे काय झालं होतं ते तिनं लिंबाच्या बुंध्याला टेकून सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक, की भोंगा मोठा झाला की मला तिच्या ओठांकडं बघावं लागायचं.

भाद्रपदात तिला चक्कर आली, पायऱ्यांवरच बसली. मामांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, तरुण आहेत, बायकांची तपासणी करतात. मामांनी नेहमीप्रमाणं सुरुवात केली, पोट, भाकरी, कळ. डॉक्टरीणबाईंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर बसा. मला मावशींकडून ऐकायचंय."

मामा चाट पडले. त्यांना कुणी असं उठवलं नव्हतं. ते बाहेर गेले, पडदा ओढला गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी लंकाआत्याला स्टुलावर बसवलं. ती म्हणाली, जल्मात पहिल्यांदा मी त्या स्टुलावर बसले शीला, आन मला वाटलं पडते का काय. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली, काय होतंय मावशी, म्हणाल्या. आणि लंकाआत्याच्या तोंडून निघालं, पोट दुखतंय.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. आणखी काय, म्हणाल्या. ती म्हणाली, भाकरी जात न्हाई. मामांचीच वाक्यं तिच्या तोंडून यायला लागली, त्याच क्रमानं. मग डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि हळूच विचारलं, पाळी गेली का, त्यानंतर कधी अंगावरून जातं का. सरळ विचारलं. यापरतं कुणी काय विचारायचं?

"न्हाई म्हनले," लंकाआत्या म्हणाली.

पडद्याखालून तिला मामांच्या चपला दिसत होत्या. ते काही चोरून ऐकत नव्हते, बिचारे वाट बघत उभे होते. पण त्या चपला दिसल्या आणि तिला सगळं घर दिसलं. दोन वर्षं हिनं घरात काय चालवलं होतं, आपण कुणाच्या हातचं खाल्लं, हे आता बाहेर येणार. आणि दुसरी दिसली ती साळूबाई.

साळूबाई तिची धाकटी जाऊ. तिनं आपलं दुखणं सांगितलं होतं. तिशीच्या आसपास होती, पांढरं जातं म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झाली, काढून टाका, न्हाईतर कॅन्सर होईल. दुसऱ्याच दिवशी काढली. पुढं साळूबाईला थंडीत घाम फुटायचा, कंबर उभी राहू द्यायची नाही, मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी. तीन वर्षांनी नगरला एका डॉक्टरांनी जुने कागद पाहिले आणि विचारलं, ही काढली कशासाठी? कागदावर कारणच नव्हतं. त्या डॉक्टरांनी तिला कॅल्शियम लिहून दिलं, दोन शब्द चांगले बोलले, पण पिशवी काही परत लावता येत नाही. साळूबाई आता चाळिशीत आहे आणि लंकाआत्यापेक्षा म्हातारी दिसते. तेव्हापासून आमच्याकडच्या बायकांनी एक धडा घेतला, की खालचं काही सांगायचं म्हणजे पिशवी जायची. कुणी शिकवला नाही, आपोआप घेतला. मी फळ्यावर लिहिते ते त्याच्यापुढं कुठं टिकणार.

मी विचारलं, मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? रागावल्या का? लंकाआत्यानं नाही अशी मान हलवली. त्यांनी रक्ताच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि उठताना हिचा हात धरला. म्हणाल्या, "मावशी, आज नाही तर नाही. मी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. एकट्या या, नाहीतर एखाद्या बाईला घेऊन या."

"त्यांनी वळखलं हुतं," लंकाआत्या म्हणाली. "मी खोटं बोलतीया हे त्यांना कळलं हुतं, तरी हात धरला. इतकं डागदर झालं माझं, कुनी वरडलं, कुनी गोळ्या दिल्या, पर सांगितलं न्हाई म्हनून परत ये, असं कोन म्हनलंय?"

त्याला चार आठवडे झाले. चार शुक्रवार आणि चार मंगळवार ती गेली नाही.

तेवढ्यात रुपाली आणि बाकीच्या आल्या. चला चला, रांग वाढली म्हणू लागल्या. मला त्या क्षणी आत्याला वर चल म्हणता आलं नाही. मनात आलं होतं. आईला लेकराचं रक्त चालत नाही का, असं काहीतरी तोंडापर्यंत आलं होतं. पण मीसुद्धा ते चार दिवस देवघराच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. माझ्या आईनं जे अंगात घातलं ते शिकून, नोकरी करून गेलेलं नाही. दुसऱ्याला सांगायचं तोंड मला नव्हतं. मग मी माझा नारळ तिच्या नारळावर ठेवला आणि दोन्ही रुपालीच्या हातात दिले. टाच फुटली म्हटलं, मी बसते आत्याजवळ. रुपाली म्हणाली, माहेरवाशिणींचे पाय बरे एकदम गेले, आणि हसत वर निघाली.

आम्ही दोघी खाली राहिलो. लिंबाखालून कळस दिसत होता. लंकाआत्यानं तिथूनच हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मीही जोडले. मी काय मागितलं ते इथं लिहीत नाही. डोळे उघडल्यावर ती म्हणाली, तिला ठाव असंलच. पर ठाव हाय म्हनून मी तिच्या तोंडापुढं जाऊन उभी ऱ्हाऊ का.

मी पिशवीतली केळी काढली. तिनं अर्धं खाल्लं, अर्धं हातातच राहिलं. तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला असं मला वाटलं. पिवळट, ओठ पांढरे. ही बाई पहाटेपासून आमच्या सगळ्यांच्या पुढं चालत होती. का, ते आता कळत होतं. मागं राहिलं की कुणीतरी लुगड्याकडं बघतं.

बुधवार होता. परवा शुक्रवार. सोमवारी दसरा आणि मंगळवारी सकाळी अंगदची गाडी. म्हणजे एकच शुक्रवार उरला होता, आणि तो गेला की सहा महिने कोपीवर, रस्त्याकडच्या गाळ्यातल्या सलाईनवर. मी हे तिला बोटं मोजून सांगितलं. कॅन्सर हा शब्द मी उच्चारला नाही. तिनंच उच्चारला, तेच असंल का गं, म्हणाली. मी म्हटलं, असेल किंवा नसेलही. साधी गाठही असते. तपासल्याशिवाय देवालाही सांगता यायचं नाही. आणि आधी तपासतात, तुकडा काढून बघतात, लगेच पिशवी काढत नाहीत. ती काढायची वेळ आलीच तरी कारण विचारायचं, कागदावर लिहून घ्यायचं.

ती ऐकत होती. पण फळ्यासमोर डोलवायची तशी मान आता डोलवली नाही.

मग मी माझ्या परीनं सोपं करायला गेले. म्हटलं, तू काळजीच करू नकोस, शुक्रवारी मी सुट्टी टाकते. मामांना सांगू, रक्त तपासायला चाललोय. आणि आत गेल्यावर तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. मी सांगते डॉक्टरीणबाईंना सगळं, पहिल्यापासून. तू नुसती बस.

लंकाआत्यानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, पण थकलेलं असं काहीतरी होतं त्या बघण्यात. वरून घंटांचा आवाज येत होता. शेजारी एक पोर बासरीसाठी रडत होतं. ती हातातलं अर्धं केळं पदराच्या टोकात गुंडाळत राहिली आणि मग बोलली. या वेळी आवाज बारीक नव्हता.

"न्हाई शीला. तू सांगितलंस की झालं, मी परत भिंतीला टेकून उभी. आता न्हाई. तू ये, शुक्रवारी ये, तुझ्याबिगर माझं पाऊल उचलायचं न्हाई. माझ्या बाजूला बस. पर तू बोलायचं न्हाई. कितीबी येळ लागू दे. तू मास्तरीन, त्या तुझ्याकडंच बघतील, तवा तू मान खाली घाल. आन मी पोट म्हनले, तर माझ्या मांडीला चिमटा घे. हळू घेऊ नको, चांगला वळ उठू दे."